पुरचुंडी परत आली, पण…



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. गुडघ्यांची तक्रार आहेच, पण खरं कारण आळस. आज मात्र राहवलं नाही, कारण विषय घरातला आहे आणि घरातल्याच मंडळींशी माझं पटलेलं नाही.

माझी नात रसायनशास्त्रात पीएच.डी. करते आहे. तिचं नाव, गाव आणि संस्था लिहायची नाही, या अटीवर तिने मला हे लिहायची परवानगी दिली. गेल्या महिन्यात एका रात्री साडेदहाला तिचा फोन आला. इतक्या उशिरा फोन म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. "आजी, पॅलेडियम पावडरीत नव्हतंच गं, ते बाहेर येऊन काम करत होतं," एवढं म्हणाली आणि रडायला लागली. मला आधी वाटलं, प्रयोगशाळेत चोरी झाली! तसं काही नव्हतं. दोन वर्षं ती ज्या गोष्टीवर खपत होती, ती तिला वाटत होती तशी चालत नव्हती, हे तिला त्या दिवशी कळलं होतं.

मग घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी गेली. (कुणी घातली ते सांगत नाही.) त्यावर आमचे धाकटे भाऊजी लिहितात, "म्हणजे दोन वर्षं पाण्यातच गेली म्हणायची!" भाऊजी, हा लेख तुमच्यासाठी आहे. रागावू नका आणि शेवटपर्यंत वाचा.

मी बी.ए. झालेली, तेहेतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई. पुढे जे लिहिते आहे ते नातीने चार रविवार फोनवर शिकवलेलं आहे. बरोबर असेल ते तिचं, चुकेल ते माझं.

उत्प्रेरक हा शब्द आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केला आहे. रासायनिक क्रियेचा वेग वाढवतो आणि स्वतः खर्ची पडत नाही, तो उत्प्रेरक. १८३५ साली बर्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने ही कल्पना मांडून तिला नाव दिलं. वनस्पती तूप हे आपल्या स्वयंपाकघरातलं उदाहरण. तेलात निकेलची बारीक पूड घालून हायड्रोजन सोडतात, तेल घट्ट होतं आणि मग निकेल गाळून काढतात. तेल द्रव, निकेल घन, दोघं वेगवेगळे राहतात, म्हणून गाळणं सोपं. अशाला विषमांगी उत्प्रेरक म्हणतात.

दुसरी जात समांगी उत्प्रेरकांची. हे द्रवात पूर्ण विरघळतात, दुधात साखर विरघळावी तसे. ऱ्होडियम, पॅलेडियम अशा धातूच्या एकेका अणूभोवती दुसऱ्या रेणूंचे हात असतात. ते हात कसे असावेत हे रसायनशास्त्रज्ञ ठरवतो, आणि त्याप्रमाणे तो धातू नेमकं हवं तेच काम करतो. निकेलच्या कणात आतले अणू नुसते बसून असतात, फक्त पृष्ठभागावरचे काम करतात. इथे मात्र एकूण एक अणू कामाला! जेफ्री विल्किन्सन यांचं ऱ्होडियमचं संयुग १९६० च्या दशकात याच कामासाठी प्रसिद्ध झालं. पॅलेडियमने कार्बनला कार्बन जोडण्याच्या रीती शोधल्याबद्दल हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना २०१० साली नोबेल मिळालं. आज किती तरी औषधं बनवताना या रीती वापरतात.

मग अडचण काय? अडचण ही की दुधातली साखर परत कशी काढणार? तयार झालेला पदार्थ ऊर्ध्वपातनाने उकळून बाजूला काढावा, तर कधी तो इतका जड असतो की तेवढ्या उष्णतेने उत्प्रेरकच बिघडतो. धातू सोडून द्यावा, तर तो फार महाग. मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियमचा भाव एका औंसाला, म्हणजे एकतीस ग्रॅमला, जवळपास २९ हजार डॉलर झाला होता. आणि औषधात धातू राहून चालत नाही. आयसीएच क्यू-३-डी नावाचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. त्याप्रमाणे पोटात घ्यायच्या औषधातून माणसाच्या शरीरात दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलेडियम जाता कामा नये. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

इथे माझ्या नातीचा विषय येतो. ती समजावून सांगत होती आणि मला आमच्या सासूबाईंची मसाल्याची पुरचुंडी आठवली. लवंग, दालचिनी, मिरे तांदळात थेट न टाकता पातळ फडक्यात बांधून भाताच्या आधणात सोडायच्या. भात शिजला की पुरचुंडी दोऱ्याने ओढून काढायची. वास भातात उतरतो, आणि दाताखाली लवंग येत नाही. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगदी हेच आजी! विरघळणारा उत्प्रेरक घ्यायचा आणि तो एखाद्या घन पदार्थाला बांधून टाकायचा. काम विरघळलेल्यासारखं करायला हवं आणि गाळून परत मिळायला हवा."

ही कल्पना नवी नाही. १९६३ साली ब्रूस मेरिफिल्ड यांनी पॉलिस्टायरीनच्या बारीक मण्यांना अमिनो आम्लं बांधून, एकेक जोडत, प्रथिनांसारख्या साखळ्या तयार करून दाखवल्या. त्यासाठी त्यांना १९८४ चं नोबेल मिळालं. तसेच मणी मग उत्प्रेरकवाल्यांनी हाती घेतले. १९७१ साली रॉबर्ट ग्रब्ज यांनी विल्किन्सन यांच्या धर्तीचा ऱ्होडियम उत्प्रेरक अशा मण्यांना बांधला. त्यांना एक गंमत दिसली, की लहान रेणूंवर क्रिया भरभर होते आणि मोठ्यांवर हळू, कारण मोठ्यांना मण्याच्या आत शिरायलाच अडचण. म्हणजे पुरचुंडीचं फडकंही आपला गुण दाखवतं. पुढे सिलिका आली, म्हणजे वाळूच्याच जातीची, पण सूक्ष्म छिद्रांनी भरलेली. चुंबकाला चिकटणारे लोहाच्या ऑक्साइडचे कण आले. त्यात तर गाळायचीही गरज नाही, भांड्याबाहेर चुंबक धरला की सगळं एका बाजूला गोळा.

नातीने सिलिकेच्या पावडरीला रेणूंचे लांब हात चिकटवले आणि त्या हातांत पॅलेडियम धरवलं. मग हेक यांची क्रिया करून पाहिली. तयार होणारा पदार्थ दालचिनीच्या आम्लाच्या कुळातला, हे ऐकून मला पुरचुंडीचा आणखीच अभिमान वाटला :-) क्रिया झाली की मिश्रण गार करायचं, गाळायचं, पावडर धुऊन पुन्हा वापरायची. पाच वेळा वापरली, आणि आठ तासांनी पाहिलं तर पाचही वेळा उत्पादन नव्वद टक्क्यांच्या वर. गाळून आलेल्या द्रवात पॅलेडियम शोधलं तर जवळजवळ नाहीच. सगळे खूश. कागदावर पाच उंच खांब शेजारी शेजारी काढलेलं चित्रही तयार झालं.

मग तिच्या प्रयोगशाळेतल्या एका वरिष्ठ मुलीने विचारलं, "गरम असताना गाळून पाहिलंस का?"

ही परीक्षा साधी आहे. क्रिया अर्ध्यावर आली की भांडं गार न होऊ देता मिश्रण झटकन गाळायचं. पावडर वरती राहते. खालचा स्वच्छ द्रव तितक्याच उष्णतेवर ठेवायचा आणि वाट पाहायची. उत्प्रेरक खरोखर पावडरीत असेल, तर क्रिया तिथेच थांबली पाहिजे. नातीची थांबली नाही. पावडर नसताना क्रिया चालू राहिली आणि पूर्ण झाली. म्हणजे पॅलेडियम गरम असताना हात सोडून द्रवात उतरत होतं, तिथे काम करत होतं, आणि गार होताना परत पावडरीवर येऊन बसत होतं. म्हणून गार केल्यावर गाळलेल्या द्रवात ते सापडत नव्हतं. मुलांनी दुपारभर उंडारावं आणि आई यायच्या वेळेला पाटी घेऊन बसावं, तसं!

"जरासं सुटलं तर एवढं काय?" असं मी विचारलं. त्याचंही उत्तर आहे. २००३ साली डे व्हरीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की हेकच्या क्रियेला पॅलेडियम अगदी कणभर असलं तरी पुरतं, इतकं कमी की त्याला त्यांनी "होमिओपॅथिक" हा शब्द वापरला. (आमच्याकडे साबुदाण्याएवढ्या गोळ्यांच्या बाटल्यांनी एक कप्पा भरलेला आहे, त्यामुळे मला तो शब्द लगेच समजला.) म्हणजे जरासं सुटलेलं पॅलेडियमच सगळं काम करत असू शकतं आणि पावडरीवरचं उरलेलं नुसतं बसून असतं.

यात एक गोष्ट मला फार विचार करायला लावणारी वाटली. धातूला काम करायचं, तर त्याला आधी एखादा हात सोडावा लागतो. जागा रिकामी झाल्याशिवाय नवा रेणू जवळ येणार कसा? विल्किन्सन यांच्या संयुगातही आधी एक हात सुटतो, मग क्रिया सुरू होते. ज्याने हात सोडायचे तोच बांधून ठेवायचा, अशी ही मुळातली ओढाताण आहे. तेव्हा धातू निसटणं ही माझ्या नातीची हयगय नाही. हा त्या कामातलाच अवघड भाग आहे. रॉजर शेल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ सालीच घन उत्प्रेरकांच्या या निसटण्यावर लेख लिहून सावध केलं होतं.

आता त्या पाच खांबांविषयी. इथे मी शिक्षिका म्हणून बोलते. समजा एखादा मुलगा तीन तासांचा पेपर अर्ध्या तासात सोडवत होता. दरवर्षी तो मंद होत गेला, आणि पाचव्या वर्षी त्याला पावणेतीन तास लागले. पेपर तीन तासांचाच असेल, तर पाचही वर्षं गुण सारखेच पडणार, आणि मास्तर म्हणणार, मुलगा आहे तसाच हुशार आहे! नातीची क्रिया नव्या पावडरीने तासाभरात होत असताना ती आठ तासांनी मोजत होती. त्यामुळे पावडर बरीचशी निकामी झाली तरी खांब उंचच राहणार होते. अमेरिकेतल्या ख्रिस्तोफर जोन्स यांनी २०१० साली लिहिलेल्या लेखात हेच बजावलं आहे, की दर खेपेला शेवटचं उत्पादन मोजून उत्प्रेरक टिकला असं म्हणू नका, सुरुवातीचा वेग मोजा. नातीने मग पहिल्या दहा मिनिटांचा वेग मोजला. पाचव्या खेपेचा वेग पहिल्या खेपेच्या जवळपासही नव्हता.

आता माझी कबुली. त्या रात्री मी तिला काय सांगितलं असेल? मी म्हणाले, "अगं, राहू दे ना. गार गाळल्यावर काही सापडत नाही हे खरंच आहे ना? तेवढंच लिही. कोण विचारतंय?" तिची शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपते आहे. तिच्या मार्गदर्शकांचंही म्हणणं जवळजवळ असंच पडलं होतं. ते वाईट गृहस्थ नाहीत, त्यांना विद्यार्थिनीची काळजी आहे. तिने काही उत्तर दिलं नाही. "बरं, ठेवते," म्हणाली.

फोन ठेवल्यावर मला झोप आली नाही. मला आमची शाळा आठवली. आमच्या दहावीचा निकाल ओळीने सहा वर्षं शंभर टक्के लागला होता. गावात मिरवणूक निघायची, पेढे वाटले जायचे. आकडा खरा होता, मंडळी. पण नववीत जी मुलं कच्ची असत, त्यांच्या पालकांना बोलावून १७ नंबरचा फॉर्म भरायला सांगितलं जाई. मग ती मुलं बाहेरून बसत आणि आमच्या आकड्यात येतच नसत. दोन वर्षं नववीची वर्गशिक्षिका मी होते. त्या कागदांवर सही माझी आहे. एका मुलाच्या आईने मला विचारलं होतं, "बाई, तुमच्याकडं शिकून हा पास न्हाई का व्हनार?" मी खाली बघून कागद पुढे केला. आमच्या शंभर टक्क्यांत एकही आकडा खोटा नव्हता, तरी ते सगळं मिळून खोटं होतं. आणि नेमकं तेच मी माझ्या नातीला करायला सांगत होते.

सकाळी सात वाजता मी तिला फोन केला आणि म्हणाले, "मी काल चुकीचं सांगितलं. सगळं लिही."

म्हणून आता माझं मत. मी रसायनशास्त्र जाणत नाही, पण परीक्षा आणि निकाल मी आयुष्यभर पाहिले आहेत, तेवढ्या अधिकाराने सांगते. ज्याचं वैशिष्ट्यच "परत मिळतो" हे आहे, त्याने परत काय मिळालं ते सांगितलंच पाहिजे. पुरचुंडी परत आली म्हणून लवंगा परत आल्या असं होत नाही. दर खेपेचा वेग, गरम गाळल्यावर काय झालं, आणि तयार मालात किती धातू उतरला, या तीन गोष्टींशिवाय "पाच वेळा वापरला" हे वाक्य छापूच नये. (एकट्या गरम गाळणीवर विसंबू नये, असंही नात सांगते. गाळताना सुटलेला धातू मरून पडला, तर क्रिया थांबते आणि उगाच निर्दोष ठरल्यासारखं वाटतं.) आणि ज्या मुलामुलींना "निसटलं" असं उत्तर मिळतं, त्यांचं ते उत्तर प्रबंधात पूर्ण गुणांनी धरलं जावं. नाही तर पुढची मुलगी त्याच पावडरीवर आणखी दोन वर्षं घालवेल. खरी पाण्यात जातील ती तिची वर्षं.

कुणी म्हणेल, मग हा बांधण्याचा खटाटोपच कशाला? तसं नाही. जपानच्या तानाबे कंपनीत इचिरो चिबाटा यांनी १९६९ साली एक विकर घन पदार्थाला बांधून अमिनो आम्लं तयार करण्याचा कारखाना चालवून दाखवला. विकर हासुद्धा उत्प्रेरकच. चियोदा आणि यूओपी या कंपन्यांनी १९९० च्या दशकात मिथेनॉलपासून ॲसेटिक आम्ल करण्यासाठी ऱ्होडियम एका राळेच्या मण्यांना बांधायची रीत काढली. तिथेही ऱ्होडियम थोडंफार सुटतंच, पण राळेची ओढ इतकी, की तोल राळेकडेच राहतो. सुटणार हे धरूनच मांडणी केली आहे. जर्मनीत ओबरहाउसेनला १९८४ पासून तर घन पदार्थाला न बांधता ऱ्होडियम पाण्यात विरघळवून ठेवतात, आणि तयार माल तेलासारखा वर तरंगतो. पाण्यात न मिसळणाऱ्या जड रेणूंना ती रीत मंद पडते. त्यावर उपाय म्हणून आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आर. व्ही. चौधरी आणि सहकाऱ्यांनी काम केलं, आणि ते १९९५ साली "नेचर"मध्ये छापून आलं. म्हणजे परत मिळवण्याचे मार्ग आहेत. पण हे सगळे मार्ग काय निसटतं ते नीट मोजूनच सापडलेले आहेत, डोळे मिटून नाही.

तर भाऊजी, दोन वर्षांत आपल्या मुलीने एक पावडर तपासली, ती निसटते हे शोधलं, का निसटते हेही बरंचसं शोधलं, आणि उंच खांबांचं तयार चित्र बाजूला ठेवून नवं काढलं. नव्या चित्रात खांब उतरत जातात. ते प्रकरण तिने गेल्या सोमवारी मार्गदर्शकांना दिलं आहे. त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही. शिष्यवृत्तीचं काय होईल तेही माहीत नाही. गरज पडली तर माझ्या पेन्शनमधून सहा महिने निघतील, हे मी तिला सांगून टाकलं आहे. तिने नको म्हटलं, पण ते तिचं काम.

दिवाळीला ती आली की मी पुरचुंडीचा भात करणार आहे. तोपर्यंत ग्रुपवर तिला कुणी "कधी संपणार गं तुझं?" असं विचारू नये, ही सगळ्यांना विनंती. विचारायचंच असेल तर "काय सापडलं?" असं विचारा. सांगेल ती. मला चार रविवार लागले, तुम्हाला कमी लागतील.

असो. आज फार लांबलं. तुमच्याकडेही कुणाला असा उतरत्या खांबांचा अनुभव असेल तर जरूर लिहा. मी वाट पाहते.